एकच बायबल, दोन साक्षी : नैतिक अधिकार नेमका कुणाचा?

वर्षावासाच्या काळात आमच्या विहारात दर रविवारी अभ्यासगट बसतो. एका रविवारी वस्तीत आमच्यासोबत काम करणारा एक ख्रिस्ती सहकारी आला होता. माणूस सरळ, कष्टाळू, रात्री-अपरात्री कुणाच्याही दवाखान्यासाठी धावणारा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधल्या नीतीच्या प्रकरणावर चर्चा चालू असताना त्यानं शांतपणे विचारलं, "तुम्ही देव मानत नाही. मग अस्पृश्यता चुकीची होती, हे कुठल्या आधारावर म्हणता? वर देव नसेल, तर चांगलं-वाईट ही माणसांची मतंच उरली. मनूचं एक मत, तुमचं दुसरं."

पोरं गप्प झाली. आम्ही तावातावानं म्हणालो, "तुमच्या चर्चमध्ये जात नाही का?" टाळ्या पडल्या. तो हसला आणि गप्प बसला. नंतर चहा पिताना गटातली एक मुलगी म्हणाली, "त्यांच्यात जात आहे हे खरंच. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कुठं दिलंत?"

तिचं बरोबर होतं. समोरच्याचा दोष दाखवला म्हणजे त्याचा प्रश्न सुटत नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या उत्तरासाठी.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ

ख्रिस्ती विचारवंतांची मांडणी साधारण अशी असते. काही गोष्टी कुणाला काहीही वाटो, चुकीच्याच असतात. लहान मुलाचा छळ करणं चूक आहे, ते बहुमतानं बरोबर ठरत नाही. म्हणजे नैतिक सत्य वस्तुनिष्ठ आहे. आणि वस्तुनिष्ठ सत्याला माणसापलीकडचा आधार लागतो. तो आधार म्हणजे देव आणि त्याची इच्छा कळण्याचं साधन म्हणजे त्याचा शब्द, बायबल.

आपल्यातले काही शिकलेले तरुण यावर लगेच म्हणतात, "नैतिकता सापेक्ष असते, काळानुसार बदलते." समाजशास्त्राच्या वर्गात आम्हीही हे वाक्य परीक्षेपुरतं लिहिलं आहे. पण जरा थांबा. नैतिकता नुसती सापेक्ष असेल, तर पेशवाईत आपल्या पूर्वजांवर जे लादलं गेलं ते 'त्या काळानुसार बरोबर' ठरेल. त्या काळी बहुमत, राजसत्ता, धर्मपीठ सगळं एका बाजूला होतं. तरीही ते चूकच होतं, असं आपण छातीठोकपणे म्हणतो. म्हणजे आपणही वस्तुनिष्ठ नैतिक सत्य मानतो. सापेक्षतेचा फायदा नेहमी बलवानालाच होतो. दडपलेल्या माणसाला सत्य लागतं, कारण त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं.

तेव्हा पहिल्या मुद्द्यावर आमचं आणि त्या सहकाऱ्याचं एकमत आहे. मतभेद पुढे आहे. सत्य आहे हे एक. ते सत्य सांगण्याचा अधिकार कुणाला आणि ते ओळखायचं कसं, हे दुसरं. या दोन गोष्टी एक केल्या की घोटाळा होतो. तो कसा होतो याचा सगळ्यात मोठा पुरावा ख्रिस्ती जगाच्या इतिहासातच आहे. त्यासाठी १८४५ सालच्या अमेरिकेत जाऊ.

१८४५ चा मे महिना

त्या एका महिन्यात दोन घटना घडल्या. जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात दक्षिणेकडचे बाप्टिस्ट पुढारी जमले आणि त्यांनी 'सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन' स्थापन केलं. भांडणाचं कारण साधं होतं. गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून नेमायला उत्तरेकडच्या वर्चस्वाखालचं मिशन मंडळ तयार नव्हतं. दक्षिणेचं म्हणणं, गुलाम ठेवणं बायबलात कुठं पाप म्हटलंय? याच काळात मेथडिस्टांचीही फूट पडली. जेम्स अँड्र्यू या बिशपकडे गुलाम होते, म्हणून १८४४ च्या महासभेनं त्याला पदाचं काम थांबवायला सांगितलं आणि दक्षिणेकडचे मेथडिस्ट वेगळे झाले.

दुसरी घटना बॉस्टनमधली. फ्रेडरिक डग्लस या पळून आलेल्या गुलामाचं आत्मचरित्र तिथं प्रसिद्ध झालं. तो मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मला आणि १८३८ मध्ये निसटला. त्याचा मालक थॉमस ऑल्ड १८३२ मध्ये मेथडिस्टांच्या एका धर्ममेळाव्यात भक्तिमार्गाला लागला. डग्लसला वाटलं, आता मालक गुलामांना सोडेल, निदान दयाळू तरी होईल. झालं उलटंच. एका अपंग तरुण गुलाम बाईला चाबकानं फोडताना तो बायबलमधलं वचन म्हणायचा. डग्लस गुलामांना वाचायला शिकवण्यासाठी रविवारची शाळा चालवायचा, तीही याच धार्मिक लोकांनी येऊन मोडली. पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात डग्लसनं स्पष्ट केलं की तो ख्रिस्ताच्या धर्माविरुद्ध बोलत नाही. गुलामांना मारणाऱ्या, बाया विकणाऱ्या, पाळण्यातली लेकरं ओरबाडणाऱ्या या देशातल्या धर्माविरुद्ध बोलतो आहे. या दोहोंत त्याला कमालीचं अंतर दिसत होतं.

महिना एक, देश एक, देव एक, ग्रंथ एक. एकाच्या हाती तो मालकीचा परवाना, दुसऱ्याच्या हाती आरोपपत्र.

ग्रंथ कुणाच्या बाजूनं होता?

दक्षिणेचे धर्मपंडित अडाणी होते असं समजू नका. जेम्स हेन्ली थॉर्नवेलसारखा प्रेस्बिटेरियन विद्वान त्या काळातल्या उत्तम धर्मशास्त्रज्ञांत गणला जायचा. या मंडळींचा युक्तिवाद पक्का होता. अब्राहामाकडे गुलाम होते. मोशेच्या नियमशास्त्रात गुलाम कसे घ्यावेत याचे नियम आहेत. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा आपल्या नातवाला, कनानाला, दासांचा दास होशील असा शाप देतो. तो शाप काळ्या माणसांना लागू आहे, अशी जोड त्यांनी मारली. इफिसकरांस पत्रात पौल दासांना धन्यांच्या आज्ञेत राहायला सांगतो. येशूनं स्वतः गुलामगिरीविरुद्ध एक शब्दही काढलेला नाही. मग तुम्ही देवापेक्षा नैतिक झालात का, असा त्यांचा विरोधकांना सवाल असायचा.

लक्षात घ्या, गुलामगिरीचे समर्थक स्वतःला वस्तुनिष्ठ सत्याचे रक्षक म्हणवत होते. 'तुम्ही मानवी भावनेनं चालता, आम्ही देवाच्या शब्दानं चालतो', ही त्यांची भाषा. आमच्या सहकाऱ्यानं आम्हाला विचारलेला प्रश्न, थोड्या वेगळ्या शब्दांत, मुक्तिवाद्यांना विचारला जात होता.

आणि त्याच वेळी मालकवर्गाला ग्रंथाची भीतीही होती. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात. या पुस्तकात २३२ राहिले. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटतात ती कथा गायब. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचन गायब. दासांनी आज्ञेत राहावं, ते मात्र शाबूत. अमेरिकेत तर शिकण्यावरच बंदी आली. साउथ कॅरोलिनानं १७४० मध्ये गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा ठरवला. नॉर्थ कॅरोलिनानं १८३० मध्ये वाचन-लेखन दोन्ही बंद केलं. फक्त आकडेमोडीला सूट दिली, कारण हिशेबाचं काम मालकाच्या उपयोगाचं होतं.

आपल्याला हे ओळखीचं वाटतं ना? ज्यांनी शूद्रांच्या कानावर वेद पडू दिले नाहीत, त्यांची आणि यांची जात एकच. पवित्र शब्द सर्वांसाठी असतो म्हणायचं आणि किल्ली मात्र एकाच्या कमरेला.

कॅथलिक पंथातही चित्र फार वेगळं नव्हतं. जेझुइट धर्मगुरूंनी १८३८ मध्ये मेरीलँडमधले २७२ गुलाम विकले. त्या पैशातला काही भाग आजच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं कर्ज फेडायला गेला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८३९ मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारं पत्र काढलं. त्यावर चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी खुलासा केला की निषेध समुद्रापारच्या व्यापाराचा आहे, इथल्या घरगुती गुलामगिरीचा नाही. सर्वोच्च अधिकारपीठ बोललं, तरी खाली पळवाट निघाली. कारण अधिकाराचा शब्द वाचणारा पुन्हा माणूसच, आणि त्याच्या ताटातलं अन्न कुणी शिजवलं हे तो विसरत नाही.

दुसरी साक्ष

इथं थांबलो तर आम्ही अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल. गुलामगिरीविरुद्ध सर्वात आधी आणि सर्वात हट्टानं उभे राहिलेले लोकही ख्रिस्तीच होते. १६८८ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या जर्मनटाउनच्या चार वसाहतकऱ्यांनी लेखी निषेध केला. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्यांच्याशी वागावं, हा येशूचा नियम त्यांनी पुढे केला आणि विचारलं, तुम्हाला कुणी असं विकलेलं चालेल का? त्यांचा कागद क्वेकर पंथाच्या एका सभेकडून दुसरीकडे ढकलला गेला आणि बाजूला पडला.

पुढे बेंजामिन ले आला. जेमतेम चार फूट उंचीचा, कुबड असलेला हा क्वेकर. १७३८ च्या वार्षिक सभेत त्यानं पोकळ केलेल्या पुस्तकात लाल रसानं भरलेली पिशवी लपवून नेली, सर्वांसमोर त्यात तलवार खुपसली आणि तो 'रक्ता'चा रंग गुलाम बाळगणाऱ्या धर्मबंधूंच्या अंगावर उडवला. पंथानं त्याला बाहेर काढलं. तो मेला १७५९ मध्ये. त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी क्वेकरांनी गुलामांच्या खरेदी-विक्रीत पडणाऱ्यांवर कारवाई करायचं ठरवलं आणि १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलाम बाळगायलाच बंदी केली. जर्मनटाउनच्या कागदापासून मोजलं तर ८८ वर्षं.

ज्यांना वाचू दिलं नाही, त्यांनी तर ग्रंथाचा अर्थ आपल्या जगण्यातून काढला. मिसरमधून सुटकेची कथा त्यांनी स्वतःची कथा केली. हॉवर्ड थर्मन या काळ्या धर्मचिंतकानं आपल्या आजीची आठवण १९४९ च्या पुस्तकात लिहिली आहे. आजी गुलामीत वाढलेली, निरक्षर. नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. पण पौलाची पत्रं ती वाचू द्यायची नाही; प्रेमावरचा एक अध्याय तेवढा अपवाद. थर्मननं मोठेपणी कारण विचारलं. मालकाचा पाद्री वर्षातून अनेकदा येऊन 'दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा' यावरच प्रवचन द्यायचा. तिनं ठरवलं होतं, सुटका झाली आणि कधी वाचता आलं, तर बायबलचा तो भाग वाचायचा नाही.

या म्हातारीनं काय केलं ते बघा. देवावर तिची श्रद्धा होती. तरीही देवाच्या म्हणवल्या जाणाऱ्या शब्दांतून तिनं निवड केली. धर्मपंडितांच्या सगळ्या ग्रंथालयांपेक्षा तिचा निवाडा बरोबर होता. मग तिच्याकडे मोजपट्टी कुठली होती?

मोजपट्टी

आमच्या लेखाचा गाभा हाच आहे. ख्रिस्ती मित्र म्हणतील, 'थॉर्नवेलनं बायबल चुकीचं वाचलं, डग्लसनं बरोबर वाचलं.' मान्य. आम्हीही तेच म्हणतो. पण कुठलं वाचन बरोबर हे ठरवलं कशावरून? नुसत्या ग्रंथावरून नाही, कारण ग्रंथ दोघांकडे होता. अधिकारपीठावरून नाही, कारण पीठं दोन्हीकडे होती. श्रद्धेच्या खोलीवरून तर नाहीच. थॉमस ऑल्डही मनापासून प्रार्थना करायचा. राष्ट्राध्यक्ष लिंकननं मार्च १८६५ मधल्या भाषणात हेच बोलून दाखवलं की दोन्ही पक्ष तेच बायबल वाचतात आणि त्याच देवाची प्रार्थना करतात. ग्रंथानं वाद मिटला नाही. सहा लाखांहून अधिक सैनिक मेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी संपवली.

डग्लस, ले आणि थर्मनची आजी यांच्यात समान गोष्ट एकच दिसते. ज्याच्या पाठीवर वळ उठतो त्याची साक्ष त्यांनी आधी ऐकली आणि मग ग्रंथ उघडला. जो नियम मी माझ्यावर लादून घेणार नाही तो दुसऱ्यावर लादणं अन्याय आहे, ही त्यांची कसोटी. येशूनं ती सांगितली, हा त्याचा मोठेपणा. पण ती कसोटी पटायला देवाच्या स्वाक्षरीची गरज लागत नाही. वेदना खरी असते. ती मालकाच्या मतावर अवलंबून नसते. वस्तुनिष्ठ सत्याचा आधार शोधत आकाशापर्यंत जायच्या आधी तो इथं, माणसाच्या शरीरात आणि सन्मानात सापडतो.

सदर्न बाप्टिस्टांनी १९९५ मध्ये, स्थापनेनंतर १५० वर्षांनी, गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली. त्यांच्या सर्वात जुन्या धर्मशास्त्र विद्यालयाच्या २०१८ च्या अहवालात नोंद आहे की त्या विद्यालयाच्या चारही संस्थापक अध्यापकांकडे मिळून पन्नासहून अधिक गुलाम होते. हा प्रामाणिकपणा आम्ही मानतो. पण दीडशे वर्षांत सत्य बदललं नव्हतं. ग्रंथही बदलला नव्हता. सत्याकडे पोहोचायला अधिकारपीठालाच उशीर झाला. ज्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

फुले, बाबासाहेब आणि आपण

हा इतिहास आपल्याला परका नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या कामाची त्यांनी मोकळ्या मनानं कदर केली. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा अशी इच्छा धरली. बघा, अर्पण एखाद्या धर्मपीठाला किंवा ग्रंथाला नाही, कृती करणाऱ्या माणसांना आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव सत्यशोधक समाज. निर्मिक ते मानत होते, तरी सत्य कुणाच्या पेटीत बंद आहे असं त्यांनी मानलं नाही. ते शोधायचं असतं.

बाबासाहेबांनी धर्मांतराच्या संदर्भात ख्रिस्ती धर्माचा बारकाईनं अभ्यास केला. धर्मांतरितांच्या स्थितीवरच्या त्यांच्या लेखनात मिशनच्या शाळा-दवाखान्यांचं श्रेय आहे आणि ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटली नाही याची परखड नोंदही आहे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्येच चर्चमधून जात हद्दपार करा असं फर्मावलं होतं. आदेश होता, अधिकारपीठ होतं, ग्रंथ होता. जात मात्र वेगळ्या बाकांवर आणि वेगळ्या दफनभूमीत टिकून राहिली.

१९५० च्या आपल्या प्रसिद्ध लेखात बाबासाहेबांनी धर्मसंस्थापकांची तुलना केली. येशूनं स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं; बुद्धानं असा कुठलाही दावा केला नाही. बुद्ध मार्ग दाखवणारा आहे, मोक्ष देणारा नाही. आपला शब्द अचूक आहे असं त्यानं म्हटलं नाही आणि काळाप्रमाणे तपासून बदल करण्याची मोकळीक अनुयायांना दिली. कालामांना त्यानं तेच सांगितलं: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, लोकांचं अहित करणारं असेल तर सोडा, हित करणारं असेल तर धरा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी याचा पाया मांडला. धम्मात नीतीला ईश्वरी मंजुरी लागत नाही. माणसानं माणसावर प्रेम करणं ही गरज आहे, आणि नीती त्या गरजेतून येते.

तेव्हा आमच्या सहकाऱ्याला आमचं उत्तर असं. अस्पृश्यता चूक होती, हे आमचं मत नाही, सत्य आहे. त्याचा पुरावा त्या माणसांची वेदना आणि समान माणूसपण. तुमच्या डग्लसनं ज्या मोजपट्टीनं तुमचं चर्च मोजलं, त्याच मोजपट्टीनं आम्ही मनुस्मृती मोजली आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये ती जाळली. तुम्ही त्या मोजपट्टीला देवाची देणगी म्हणता, आम्ही म्हणत नाही. यावर वाद चालू राहू द्या. पण मोजायला आपण सोबत बसू शकतो. दलित ख्रिश्चनांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आजही अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. जात धर्म बघून दुखत नसेल, तर त्यांच्या लढ्यात आपण उभं राहायला हवं.

आता मोजपट्टी आपल्याकडे वळवू, नाहीतर हा सगळा लेख टाळ्यांपुरता ठरेल. श्रीलंकेत सियाम निकायानं भिक्खूसंघाचं दार बहुतांशी एका उच्च मानलेल्या जातीपुरतंच उघडं ठेवलं. तिथं ग्रंथ कुठला होता? तिपिटकच. म्हणजे बुद्धवचन हाती असूनही माणूस हेच करू शकतो. आणि आपल्या घरी? चर्चेत अडलो की आपण 'बाबासाहेबांनी म्हटलंय' एवढं बोलून समोरच्याचं तोंड बंद करतो. कुठं, कशासाठी, कुठल्या पुराव्यावर म्हटलं, ते वाचत नाही. विहाराच्या समितीत बायांनी खिचडी आणि रांगोळी बघायची, ठराव पुरुषांनी करायचे. लग्न ठरवताना पोटजात अजून हळू आवाजात विचारली जाते. यातल्या कशालाही धम्माचा आधार नाही, तरी ते चालू आहे, कारण ज्याला ते टोचतं त्याची साक्ष आपण घेत नाही.

त्या दिवशी आम्ही टाळ्या मिळवल्या आणि प्रश्न टाळला. त्या मुलीनं चहाच्या कपावर आम्हाला तपासलं. वयानं, शिक्षणानं, समितीतल्या जागेनं अधिकार आमच्याकडे होता आणि बरोबर ती होती. पुढच्या रविवारी तो ख्रिस्ती सहकारी पुन्हा येणार आहे. या वेळी बैठकीची सुरुवात ती मुलगी करणार आहे.

जय भीम.